हेमाडपंती : एका शब्दाची कुळकथा

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळच्या रावेरीत सीतेचं देऊळ आहे. रामाशिवायचं, एकट्या सीतेचं. टाकून दिलेली गरोदर सीता इथं राहिली, लव-कुश इथंच जन्मले, असं गाव सांगतं. बाळंतिणीनं पसाभर गहू मागितले, ते कुणी दिले नाहीत, म्हणून तिच्या शापानं शिवारात गहू पिकेनासा झाला, हीही आठवण गावानं जपली आहे. देऊळ कोणत्या काळचं, असं विचारलं की उत्तर एका शब्दात येतं : हेमाडपंती.

हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला. हेमाद्री पंडित, लोकांचा हेमाडपंत, देवगिरीच्या महादेव यादवाचा आणि पुढे रामदेवरायाचा करणाधिप, म्हणजे दफ्तर सांभाळणारा मंत्री होता. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्याचा ग्रंथ. महादेवाची कारकीर्द १२६१ ते १२७१. पण अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं. ज्या बिनचुन्याच्या दगडी घडणीला आपण हेमाडपंताचं नाव देतो, ती त्याच्या आधी दोनशे वर्षं महाराष्ट्रात उभी होती. हल्ली अनेक जण 'हेमाडपंथी' लिहितात. पंताचा पंथ झाला आणि मूळ माणूसही शब्दातून पुसला गेला.

लोककथेनं मात्र त्याला लंकेपर्यंत नेलं. तो वैद्य होता, त्यानं बिभीषणाला बरं केलं आणि बक्षीस म्हणून राक्षस गवंडी मिळवले. त्यांनीच ही देवळं उभारली, अशी ती कथा. सीतेच्या देवळाला लावलेला शब्दही असा फिरून रामायणातच पोचतो.

पेरूतल्या कुस्को शहरातही माणसांच्या कामाचं श्रेय असंच दुसऱ्यांना गेलं. इन्का कारागिरांनी बारा कोनांचा दगड शेजारच्या चिऱ्यांत असा बसवला, की फटीत सुरीचं पातं शिरत नाही. शहराजवळच्या साक्सायवामान गढीच्या अजस्र भिंती माणसांनी नव्हे, सैतानांनी रचल्या असाव्यात, असं पाहणाऱ्यांना वाटल्याचं इतिहासकार गार्सिलासोनं १६०९ साली नोंदवलं. कुस्कोतल्याच इन्का सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी सान्तो दोमिंगोचं चर्च बांधलं. १९५० च्या भूकंपात चर्चची मोठी पडझड झाली; खालचे इन्का चिरे मात्र जागचे हलले नाहीत.

या किमयेमागे हिशेब आहे. आपल्याकडे काळा पाषाण टाकीनं एकसारखा घडवायचा, जिथं गरज तिथं एका चिऱ्याला खाच आणि दुसऱ्याला कुसू ठेवायचं, बाकी काम वजनावर सोडायचं. छतासाठी चार कोपऱ्यांवर तिरपे चिरे टाकायचे, त्यावर पुन्हा तिरपे, की पोकळी लहान होत जाते आणि शेवटी एक शिळा तिला झाकते. चुन्याचा थेंब लागत नाही. राक्षसाची ताकद इथं पुरत नाही. दगड कुठल्या अंगानं फुटेल, हे ओळखणारी नजर लागते.

ती नजर पाथरवटांची होती. त्यांची नावं बहुतेक देवळांवर नाहीत. मंत्र्याचं नाव शैलीला मिळालं, श्रेय राक्षसांना गेलं, घडवणारा हात मधल्या मध्ये हरवला. रावेरीचं पडीक देऊळ शेतकरी नेते शरद जोशींनी पुन्हा उभं करवलं ते सीतेच्या निमित्तानं, शेतकरी बाईला तिचं नाव आणि तिचा हक्क मिळावा म्हणून. तिथं उभं राहून 'हेमाडपंती' म्हणताना मला तो शब्द अपुरा वाटतो. सीतेला तिचं देऊळ मिळालं. पाथरवटाला निदान त्याच्या कामाचं श्रेय मिळू दे.