कलम ७९ : मध्यस्थ कंपन्यांचे उत्तरदायित्व

इंटरनेटवर कुणी एखाद्याची बदनामी केली, खासगी चित्रफीत विक्रीस ठेवली किंवा अफवा पसरवली, तर तो मजकूर टाकणारा दोषी ठरतो, यात वाद नाही. वाद आहे तो ज्या कंपनीच्या यंत्रणेवरून तो मजकूर लाखोंपर्यंत पोहोचला, तिच्या जबाबदारीचा. भारतात या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ७९ मध्ये शोधावे लागते. संकेतस्थळे, इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्या, सर्च इंजिने, समाजमाध्यमे व ऑनलाइन बाजारपेठा यांना कायदा 'मध्यस्थ' म्हणतो आणि त्यांना परक्याच्या मजकुराबद्दल सशर्त संरक्षण देतो. त्यालाच 'सेफ हार्बर' असे नाव आहे.

पार्श्वभूमी

मूळ कायद्यातील संरक्षण तोकडे होते. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे कंपनीलाच सिद्ध करावे लागे. २००४ मध्ये 'बाझी डॉट कॉम' या लिलावाच्या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विक्रीस ठेवली आणि कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी अवनीश बजाज यांना अटक झाली. उद्योगजगत हादरले. अखेर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीलाच आरोपी केलेले नसताना अधिकाऱ्यावर खटला चालू शकत नाही, या मुद्द्यावर ती कारवाई रद्द केली.

तोपर्यंत कायदाही बदलला होता. २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. मध्यस्थाने मजकुराचे प्रसारण स्वतः सुरू केलेले नसावे, तो कुणाला मिळावा हे ठरवलेले नसावे, त्यात फेरफार केलेला नसावा आणि प्रत्यक्ष जाणीव झाल्यावर तो तातडीने हटवावा, अशा अटी त्यात आल्या.

'जाणीव' म्हणजे काय?

या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात निश्चित केला. या खटल्याला पार्श्वभूमी होती ती २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना झालेल्या अटकेची. न्यायालयाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. त्याचबरोबर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना मिळाल्यावरच कंपनीला 'जाणीव' झाली असे मानावे, असे स्पष्ट केले. कोट्यवधी तक्रारींपैकी रास्त कोणती, हा न्यायनिवाडा खासगी कंपन्यांकडे सोपवू नये, हा त्यामागचा विचार. अभिव्यक्तिस्वातंत्र्याला त्याने बळ मिळाले. मात्र पीडिताची वाट लांबली.

राईनपाड्याचा धडा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्रणेची रचना बदलणे कंपनीच्या हाती असते, हे त्यातून दिसले. हानी केवळ मजकुरातून होत नाही, तो पसरवण्याच्या सोयीतूनही होते.

२०२१ चे नियम

५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर २०२१ च्या नियमांनी भारतात अनुपालन अधिकारी व तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. नियम मोडल्यास कलम ७९ चे संरक्षण जाते. कंपनीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये तक्रार अपील समित्या स्थापन झाल्या. संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याच्या अटीला मात्र व्हॉट्सअ‍ॅपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. सरकारविषयक मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी कक्षाला देणारी २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल केली. कंपन्यांवर अंकुश हवा, पण तो सरकारी सेन्सॉरशिपचे हत्यार होता कामा नये, हा तोल न्यायालयांना वारंवार सांभाळावा लागला आहे.

उणिवा कोणत्या?

संरक्षण गेले म्हणजे शिक्षा झाली, असे नव्हे. कंपनीचा दोष अन्य कायद्यांखाली सिद्ध करावाच लागतो आणि तो खर्चिक भार पीडितावर पडतो. युरोपीय महासंघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात वेगळा मार्ग धरला: अतिविशाल कंपन्यांनी आपल्या रचनेतील धोक्यांचे स्वतः मूल्यमापन करावे आणि कसूर केल्यास जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड भरावा. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण ती रक्कम सरकारी तिजोरीत जाते, ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती भरपाई म्हणून पडत नाही.

कलम ७९ ने मध्यस्थाची कल्पना केली ती पत्र न उघडता पोहोचवणाऱ्या पोस्टमनसारखी. आजची समाजमाध्यमे मात्र कोणते पत्र कुणापुढे आधी ठेवायचे, हे गणिती सूत्राने ठरवतात आणि त्यावर जाहिरातींचे उत्पन्न मिळवतात. अशा निवड करणाऱ्याला निव्वळ पोस्टमन म्हणायचे का, हाच या कलमापुढचा खरा प्रश्न आहे.