कागद कोणी पाहायचा?

‘माहितीचा अधिकार’ हे दोन शब्द एकत्र ऐकले की मला गंमत वाटते. ‘माहिती’ आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आली आणि ‘अधिकार’ संस्कृतातून. कचेरीच्या मराठीत मागणाऱ्याचे शब्द बहुतेक पहिल्या घराण्यातले आहेत: अर्ज, नक्कल, दाखला, दफ्तर, तारीख. नाकारणाऱ्याचा शब्द मात्र शुद्ध संस्कृत आहे, ‘गोपनीय’. मुसलमान घरात वाढून मराठीत कविता लिहिणाऱ्याला शब्दांचे कूळ शोधायची खोड असते, म्हणून हे सांगितले. त्यावरून कोणी नवे भांडण काढू नये.

जुने भांडण मात्र मोठे आहे. ते आहे या ‘गोपनीय’ शब्दाचे. एखादा सरकारी कागद गुप्त आहे, हे ठरवायचे कोणी? तो ज्याच्या कपाटात आहे त्याने, की कोर्टाने? मी बी. ए. पर्यंत शिकलेला माणूस, वकिली माझा प्रांत नाही. पण निकालपत्रे मी आवडीने वाचतो. त्यांत माणसांच्या गोष्टी असतात.

पहिली गोष्ट इंग्लंडमधली आहे, कारण आपल्या कोर्टांनी या बाबतीत पुष्कळ काळ तिकडचीच री ओढली. १ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ नावाची नवी पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात चाचणीसाठी गेली आणि बुडाली. ९९ माणसे आत गुदमरून मेली. मेलेल्यांच्या घरच्यांनी पाणबुडी बांधणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि पाणबुडीचे आराखडे मागितले. आरमार खात्याच्या मंत्र्यांनी सांगितले की आराखडे दाखवणे देशहिताचे नाही. १९४२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: मंत्र्याने रीतसर तसे सांगितले की विषय संपला, न्यायाधीशाने पुढे विचारायचे नाही. युद्ध चालू होते, हे ध्यानात घ्यावे लागते. पण युद्ध संपल्यावरही नियम पंचवीसेक वर्षे तसाच राहिला. तो मोडला १९६८ साली, आणि मोडला कशावरून, तर एका बॅटरीवरून! उमेदवारीतल्या एका पोलीस शिपायावर हातातली बॅटरी चोरल्याचा आळ आला. तो निर्दोष सुटला, तरी नोकरी गेली. त्याने वरिष्ठावर दावा लावून स्वतःबद्दलचे खात्यातले अहवाल मागितले. तेव्हा त्याच हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की मंत्र्याचा शब्द अखेरचा नाही, कागद न्यायाधीश स्वतः पाहू शकतो.

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात १२३ वे कलम होते. राज्यकारभारासंबंधीच्या अप्रसिद्ध सरकारी कागदांतला मजकूर खातेप्रमुखाच्या परवानगीशिवाय पुराव्यात येणार नाही, असे ते कलम. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, तरी ही तरतूद त्यातही आहे. १९६१ साली हे कलम सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेव्हा दाद मागणारा स्वतःच एक न्यायाधीश होता. पंजाबकडच्या पेप्सू राज्यात त्याला नोकरीतून काढले होते आणि त्याला मंत्रिमंडळाचे कागद व लोकसेवा आयोगाचा अहवाल हवा होता. बहुमताचा निकाल लिहिला आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. कागद राज्यकारभाराचा आहे की नाही याची चौकशी कोर्ट करील, पण तो कागद उघडून मात्र पाहणार नाही, असे त्यांनी ठरवले. गजेंद्रगडकरांबद्दल आदर ठेवूनही मला हे पटत नाही. पाकीट न उघडता आत काय आहे, याची चौकशी कशी करायची?

आता मुख्य गोष्ट. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत रायबरेलीत राज नारायण इंदिरा गांधींकडून एक लाखाहून अधिक मतांनी हरले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या आरोपांत एक असा होता की पंतप्रधानांच्या प्रचारसभांची व्यासपीठे सरकारी अधिकाऱ्यांनी उभारली. हे कोणत्या नियमाने झाले, हे दाखवण्यासाठी त्यांनी ‘ब्ल्यू बुक’ मागितले. पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षिततेच्या सूचनांची ती पुस्तिका. उत्तर प्रदेश सरकारने ती देण्यास नकार दिला. उच्च न्यायालयाने १९७४ च्या मार्चमध्ये सरकारचा आक्षेप फेटाळला, कारण खातेप्रमुखाचे प्रतिज्ञापत्र वेळेवर आलेले नव्हते आणि पुस्तिकेतला काही भाग आधीच उघड झालेला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

२४ जानेवारी १९७५ रोजी निकाल लागला आणि सरकार जिंकले! हे फारसे कोणाला माहीत नसते. उच्च न्यायालयाचा आदेश रद्द झाला. मात्र प्रकरण परत पाठवताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतिज्ञापत्र पाहूनही समाधान झाले नाही, तर न्यायाधीशाने पुस्तिका स्वतः पाहावी. आणि न्या. के. के. मॅथ्यू यांनी निकालाला सहमती देताना वेगळे काही पानांचे टिपण जोडले. ज्या देशात कारभारी जनतेला जबाबदार असतात तिथे फार थोडी गुपिते असू शकतात. लोकांना प्रत्येक सार्वजनिक कृतीची माहिती मिळण्याचा हक्क आहे. रोजच्या साध्या कामावर गुप्ततेचा पडदा टाकणे लोकहिताचे नाही, असा त्याचा आशय. हा हक्क त्यांनी भाषणस्वातंत्र्यातून काढला आणि तो अमर्याद नाही, हेही सांगितले. पुढच्या पन्नास वर्षांत या विषयावरच्या निकालांत हाच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवला गेला.

त्यानंतर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १२ जून १९७५ रोजी इंदिराजींची निवड रद्द ठरली. व्यासपीठे आणि ध्वनिक्षेपकांसाठी सरकारी अधिकाऱ्यांची मदत घेतली, हे त्यातले एक कारण होते. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. कायदा मागील तारखेपासून बदलला गेला आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती निवड वैध ठरवली. राज नारायण शेवटी कोर्टात हरलेच. मॅथ्यूंचे टिपण राहिले.

पुढेही असेच घडत गेलेले दिसते. १९८१ साली केंद्रीय कायदामंत्र्यांच्या एका परिपत्रकाविरुद्ध इक्बाल छागला आणि मुंबईच्या इतर वकिलांनी अर्ज केला. तो आणि दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका अतिरिक्त न्यायाधीशाला मुदतवाढ न देण्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात एकत्र चालले. मंत्री आणि सरन्यायाधीश यांच्यातली पत्रे सरकारला दडवायची होती. सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ती उघड करायला लावली. न्या. भगवतींनी लिहिले की खुलेपणा हा नियम, गुप्तता हा अपवाद. मुदतवाढ मात्र त्या न्यायाधीशाला मिळाली नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये राफेल विमानांच्या खरेदीतली कागदपत्रे ‘चोरीची’ आणि गोपनीय आहेत, हे सरकारचे म्हणणे फेटाळले गेले. नोव्हेंबरात फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. कागद पाहायला मिळतो, दावा पदरात पडत नाही.

कायद्याची कथा मी थोडक्यात सांगतो, ती आपण पुष्कळदा ऐकली आहे. राजस्थानात ब्यावरला १९९६ साली मजुरांनी धरणे धरले, आपल्याकडे अण्णा हजारेंनी उपोषणे केली, महाराष्ट्राचा २००२ चा कायदा २००३ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने पक्का झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा अमलात आला. माझ्या मते त्यातले सर्वांत मोलाचे कलम छोटेसे आहे: अर्जदाराला कारण विचारायचे नाही. एका कचेरीत मी वडिलांच्या नावाच्या एका नोंदीची नक्कल मागायला गेलो होतो, हा कायदा येण्याआधी. तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारले, ‘‘कशाला हवी?’’ त्या ‘कशाला’ला उत्तर देता देता तीन खेपा झाल्या होत्या.

गंमत अशी की या कायद्याने सर्वोच्च न्यायालयालाही पक्षकार केले. सरन्यायाधीशांच्या कार्यालयाला कायदा लागू आहे का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्याच माहिती अधिकाऱ्याने अपील केले, तेही सर्वोच्च न्यायालयातच! दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये ‘लागू आहे’ म्हटले होते. पाच न्यायमूर्तींनी १३ नोव्हेंबर २०१९ रोजी तेच कायम केले. गुप्ततेचा आणि लोकहिताचा तोल प्रत्येक प्रकरणात वेगळा पाहायचा, ही अट घालून.

हा तोलच आता वादात आहे. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची मालमत्ता आणि त्याला मिळालेल्या नोटिसा कोणी मागितल्या होत्या. ही ‘वैयक्तिक माहिती’ आहे, व्यापक लोकहित दाखवल्याशिवाय देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले. निदान लोकहित दाखवायची वाट मोकळी होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे ते पोटकलमच बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागू झाला. आता तिथे वैयक्तिक माहितीला सरसकट सूट आहे. लोकहिताचा विचार करायला दुसरे एक कलम शिल्लक आहे, पण तो विचार पहिल्यांदा करणार कागद ज्याच्या कपाटात आहे तोच. अर्जदाराने मग अपील करीत वर जायचे. जुन्या पोटकलमाच्या खाली आणखी एक ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारू नये. या बदलात तीही गेली.