गुण कशाचा?

आमच्या मामांची जुनी फियाट होती. साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुटीत त्या फियाटमधून आम्ही लहानमोठी सातजणे पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीचा घाट चढता चढता गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती जी थांबली ती काही केल्या हलेना. शेवटी येणाऱ्याजाणाऱ्यांनी हात लावून तिचे तोंड फिरवले, आणि उताराने घरंगळत आम्ही पायथ्याशी असलेल्या एका लहानशा गॅरेजात दाखल झालो. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, इकडेतिकडे पाहिले, किल्ली फिरवायला लावली आणि निदान सांगितले, "साहेब, कॉइल गेली." नवी कॉइल आली, बसवली गेली, आणि पहिल्याच फटक्याला इंजीन सुरू झाले. मामींनी कौतुकाने फराळाचा डबा मिस्त्रींपुढे उघडला. पुढे कितीतरी दिवस मामा भेटेल त्याला सांगत, "माणूस पाहावा तर असा! नाडी धरली आणि रोग सांगितला."

त्या कॉइलकडे मी शेवटी येणारच आहे. तोवर वाचकांनी माझ्याबरोबर थोडे दूर यावे.

मोटार जन्मली तेव्हा गॅरेज हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता. १८८८ च्या ऑगस्टात बर्था बेंझ नावाची जर्मन बाई नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. बरोबर तिची दोन मुले होती. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, ती मोज्याच्या बंदाने गुंडाळली. इंधन मिळाले औषधाच्या दुकानात, साखळी नीट केली लोहाराने, आणि ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना चामडे ठोकून दिले चांभाराने! या सगळ्या प्रवासात तिला एकही चुकीचा सल्ला मिळाला नाही, कारण सल्ला द्यायला कोणी नव्हतेच. आपली गाडी कशाने चालते हे त्या वाटेवर तिच्याइतके दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हते.

पुढे हे चित्र उलटे झाले. १९०८ पासून १९२७ पर्यंत एकट्या फोर्ड कंपनीने 'मॉडेल टी' या जातीच्या दीड कोटीवर मोटारी विकल्या. मोटार डॉक्टरांकडे आली, शेतकऱ्यांकडे आली, शाळामास्तरांकडेसुद्धा आली (अमेरिकेतल्या, अर्थात!). मालक लाखांनी वाढले. जाणणारे मात्र त्या मानाने थोडेच राहिले. ज्याला कळत नाही त्याने ज्याला कळते त्याच्या पुढ्यात किल्ली ठेवायची आणि बाकावर बसून चहा प्यायचा, ही रीत तेव्हापासूनची.

त्या बाकावर बसणाऱ्याचे काय होते, हे मोजून पाहण्याचे एका मासिकाच्या मनात आले. साल होते १९४१ आणि मासिक होते 'रीडर्स डायजेस्ट'. रॉजर विल्यम रीस हा त्याचा लेखक. न्यूयॉर्कच्या चाळींतल्या गरिबांचे हाल छायाचित्रांतून जगापुढे मांडणाऱ्या जेकब रीसचा हा मुलगा. उचापत करायची ती मोजून-मापून, हे बहुधा घरातूनच आलेले. जॉन पॅट्रिक नावाचा दुसरा एक गृहस्थ आणि एक सहकारी बाई असे दोघे मोटार घेऊन निघाले, आणि त्या वेळच्या अठ्ठेचाळीसही राज्यांतून फिरले. गाडी ठणठणीत. गॅरेज जवळ आले की इंजिनाची एक तार तेवढी सुटी करायची आणि अडखळत, धापा टाकत आत शिरायचे. दोष असा, की सदऱ्याचे एक बटण निघालेले असावे आणि ते समोरच लोंबत असावे.

असे ते ३४७ गॅरेजांत गेले. त्यांपैकी १२९ ठिकाणी तार पाहिली गेली, जोडली गेली, आणि मजुरी एक तर घेतलीच नाही किंवा अगदी नावापुरती घेतली. उरलेल्या २१८ ठिकाणी, म्हणजे शेकडा ६३ जागी, कोणी न केलेल्या कामाचे पैसे लावले, कोणी नको असलेला भाग घातला, कोणी न घातलेल्या भागाचे बिल केले, तर कोणी नसलेलाच रोग शोधून काढला. लेख प्रसिद्ध झाला तेव्हा मोठी खळबळ उडाली. दुसऱ्याच वर्षी त्याचे पुस्तकही निघाले. याच पद्धतीने रेडिओ दुरुस्त करणारे आणि घड्याळजीही तपासले गेले. रेडिओवाल्यांचा निकाल मोटारवाल्यांच्याच तोडीचा लागला. घड्याळजी थोडे बरे, म्हणजे निम्मे बरे!

हा आकडा वाचून पहिल्या झटक्यात वाटते, केवढे हे लबाड! मलाही तसेच वाटले होते. पण हा प्रयोग मनात घोळवू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. समजा, एखाद्या सरळ पण उतावळ्या मिस्त्रीला वाटले, कॉइल गेली आहे. तो काय करणार? जुनी काढणार, नवी बसवणार, आणि बसवताना साहजिकच सगळ्या तारा पुन्हा घट्ट जोडणार. इंजीन सुरू होणार. आता त्या मिस्त्रीला जगात कोण पटवून देईल की कॉइल चांगली होती? त्याच्या डोळ्यांदेखत गुण आला आहे. उद्या दुसरी गाडी अशीच अडखळत आली की तो छातीठोकपणे पुन्हा कॉइलच बदलणार. दहा वर्षांनी तोच त्या गावातला कॉइलचा तज्ज्ञ! लबाडाला निदान आपण लबाडी करतो हे ठाऊक असते. या दुसऱ्याचे तसे नाही. तो आपली चूक अनुभव म्हणून शागिर्दाला शिकवतो. रीसच्या २१८ मध्ये चोर किती आणि हे असे किती, ते बिलांवरून ओळखता येत नाही.

हीच गोष्ट एकदा एवढी फोफावली की तिने वॉशिंग्टनचे एक सरकारी खाते हलवून सोडले. मोटारीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या असतात आणि त्या गंधकाच्या तेजाबात बुडालेल्या असतात. बॅटरी वापरली की पट्ट्यांवर शिशाचे एक क्षार धरते. पुन्हा वीज भरली की ते विरघळते. पण बॅटरी तशीच उतरलेली पडून राहिली तर ते क्षार खड्यांसारखे कडक होते आणि बॅटरी मान टाकते. या दुखण्यावर पुड्या विकणारे पुष्कळ झाले. १९४० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या जेस रिची या गृहस्थाने 'एडी-एक्स-टू' नावाची पूड बाजारात आणली. पुडीत मुख्यतः दोन लवणे होती, एप्समचे आणि ग्लाउबरचे. दोन्ही जुन्या काळापासून जुलाबाची औषधे म्हणून प्रसिद्ध! पोटाचे कोठे साफ होते तर बॅटरीचे का होऊ नये, असा विचार कोणी केला असेल असे मी म्हणत नाही. पण गिऱ्हाइके मात्र खूश होती. लोकांची पत्रेच्या पत्रे येत होती की मेलेली बॅटरी जिवंत झाली.

सरकारच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने, म्हणजे नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌सने, अशा पुड्या पूर्वीपासून तपासल्या होत्या आणि त्यांत काही अर्थ नाही असे सांगितले होते. हीही तपासली. काहींत पूड घातली, काहींत नाही, आणि कोणती कोणती हे मोजणाऱ्याला कळू दिले नाही. फरक दिसेना. मग लोकांना गुण येत होता तो कशाचा? पुडीबरोबरच्या सूचनांत मेख होती. पूड घाला आणि बॅटरी सावकाश, पुष्कळ वेळ विजेवर लावून ठेवा! सावकाश वीज भरली की पुष्कळशा बॅटऱ्या पुडीवाचूनही उठून बसतात. खंबाटकीच्या कॉइलसारखेच हे.

पण रिची काही गप्प बसणारा नव्हता. त्याच्या बाजूने सिनेटर उभे राहिले, प्रयोगांवर प्रतिप्रयोग झाले. जानेवारी १९५३ मध्ये आयसेनहॉवरचे नवे सरकार आले आणि सिंक्लेअर वीक्स व्यापारमंत्री झाले. त्यांचे मत असे, की गिऱ्हाईक मालावर खूश आहे याला प्रयोगशाळेने काही किंमत देऊ नये हे बरे नव्हे. मार्च महिन्यात त्यांनी ब्यूरोचे संचालक अॅलन अॅस्टिन यांचा राजीनामा मागून घेतला. एका बॅटरीच्या पुडीपायी एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची नोकरी गेली! देशभरचे शास्त्रज्ञ खवळले, ब्यूरोतली माणसे राजीनाम्याची भाषा बोलू लागली, वर्तमानपत्रांनी रान उठवले. मंत्र्यांना पाऊल मागे घ्यावे लागले. अॅस्टिन यांना आधी तात्पुरते आणि त्याच वर्षी कायमचे परत घेण्यात आले. नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने शरद ऋतूत निकाल दिला, तो ब्यूरोच्या बाजूने. अॅस्टिन पुढे १९६९ पर्यंत त्या जागेवर होते. गंमत अशी, की पुडीचा व्यापार एवढ्याने थांबला नाही. १९५६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने रिचीविरुद्धची खोट्या जाहिरातीची तक्रार काढून टाकली. ज्यांना गुण आला होता त्यांची साक्ष शास्त्रापुढेही वजनदार ठरते, ती अशी.

आता निव्वळ हव्यासाची गोष्ट. कॅलिफोर्नियाने १९७१ साली कायदा करून मोटारदुरुस्तीवर नजर ठेवणारे एक खाते काढले. कामाआधी लेखी अंदाज द्यायचा, आणि गिऱ्हाइकाने आधी मागितला तर काढलेला जुना भाग परत करायचा, हे त्या कायद्यातले मला फार आवडलेले नियम. १९९० मध्ये सिअर्स या जुन्या, नाणावलेल्या कंपनीने आपल्या मोटारदुरुस्तीच्या केंद्रांतल्या माणसांना विकलेल्या कामावर कमिशन द्यायला सुरुवात केली. लवकरच तक्रारी वाढल्या. सरकारी माणसे साधी गिऱ्हाइके बनून, ब्रेक झिजलेल्या पण बाकी उत्तम गाड्या घेऊन गेली. ३८ फेऱ्यांपैकी ३४ मध्ये त्यांच्या गळ्यात नको ती दुरुस्ती मारण्यात आली. जून १९९२ मध्ये हे प्रकरण बाहेर फुटले. कंपनीच्या अध्यक्षांनी चुका झाल्याचे कबूल केले, मुद्दाम फसवल्याचे नाकारले, आणि ते कमिशन बंद केले. इथे मिस्त्रीपेक्षा त्याला कमिशनवर बांधणारा मला जास्त दोषी वाटतो. मास्तरांना नापास मुलांमागे शिकवणीचे कमिशन दिले तर निकाल कसे लागतील, याची कल्पना मला चांगली आहे.

असो. कॉइलची गोष्ट राहिली.

साताऱ्याहून आल्यावर महिन्याभराने फियाट स्वारगेटजवळ पुन्हा तशीच उचक्या देऊन थांबली. मामा हताश होऊन उभे. तेवढ्यात शेजारच्या ट्रकचा क्लीनर, असेल सोळा-सतरा वर्षांचा, खाली उतरला, वाकून पाहिले, कॉइलवरची एक तार अंगठ्याने दाबली आणि म्हणाला, "मारा काका." गाडी सुरू झाली. तारेचे टोक ढिले होते, एवढेच. घरी आल्यावर मामांनी माळ्यावरून जुनी कॉइल काढली, पुसली आणि गाडीला लावून पाहिली. उत्तम चालली.

पुढल्या दिवाळीला आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. पायथ्याशी येताच मामांनी गाडी त्या गॅरेजापुढे उभी केली. आता काय होते म्हणून आम्ही पोरे श्वास रोखून बसलो. मिस्त्री हात पुसत हसतमुखाने पुढे आले. "काय साहेब, कशी चालली आपली कॉइल?"

मामांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "छान चाललीय, मिस्त्री," ते म्हणाले, आणि मामींकडे वळून त्यांनी फराळाचा डबा मागितला.