पडद्यांचा हिशेब

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांच्या इलेक्ट्रिक गिटारची दांडी मोडली. दुकानदाराने दुसरी बसवून दिली, आणि त्या दिवसापासून घरात बेसूरपणाला ऊत आला. मोकळ्या तारा सुरात. पण बोट जसजसे वरच्या पडद्यांकडे सरकावे, तसतसा सूर उतरलेला! मी पडलो शाळामास्तर. ‘तुला कानच नाही,’ असा निकाल देऊन मोकळा झालो. पोराने वाद्य खाटेखाली सारले, ते दोन महिने बाहेर काढले नाही.

पुढे एका कादंबरीतल्या वादकासाठी म्हणून मी या वाद्याचा इतिहास चाळू लागलो, आणि माझेच डोळे उघडले.

मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले. सूर हलला, तर पडदा सरकवावा. गिटारचे पडदे मात्र दांडीत कायमचे ठोकलेले. तिथे आधी गणित, मग गाणे. हे गणित जुने आहे. ल्यूट नावाच्या वाद्यासाठी गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी 1581 साली एक रीत सांगितली: उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडावा आणि पडदा बसवावा. ही रीत किंचित चुकते. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येत नाही. म्हणून आज 18 ऐवजी 17.817 ने भागतात. वर जावे तसे पडदे दाटीने येतात, ते यामुळेच.

इलेक्ट्रिक गिटारचा जन्म अमेरिकेतला. जॉर्ज बोशँप यांची कल्पना 1931 सालची. पुढच्या वर्षी ॲल्युमिनियमचे ते वाद्य बाजारात आले. दिसायला थेट दांड्याचा तवा, म्हणून लोकांनी नावही तसेच ठेवले! ते साडेबावीस आणि पंचवीस इंच अशा दोन लांबींत मिळे. लांबी म्हणजे दांडीच्या टोकावरच्या पट्टीपासून घोडीपर्यंतची, जेवढी तार कंप पावते तेवढी. हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून पोलादी कांडीने वाजवायचे. पडदे केवळ खुणेपुरते.

पडद्यांवर खरोखर बोटे पडू लागली आणि दोन घराणी उभी राहिली. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतःला गिटार वाजवता येत नसे, हे विशेष. त्यांच्या 1950 च्या गिटारची लांबी साडेपंचवीस इंच आणि पडदे 21. गिब्सन कंपनीने 1952 साली लेस पॉल काढली: कागदोपत्री पावणेपंचवीस इंच, पडदे 22. पाऊण इंचाने असे काय बिघडते? तीच जाडी आणि तोच सूर धरला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फेंडरच्या तारेवर सुमारे सहा टक्के जास्त. तार टणक लागते, पडदे किंचित ऐसपैस होतात. आखूड गिटारवर तीच तार मऊ पडते, बोटाने ओढून सूर चढवायला सोपी.

पडद्यांच्या संख्येची गोष्ट वेगळी. एकविसाव्यानंतर आणखी तीन जोडले, की पुरी दोन सप्तके हाती येतात. 1985 साली पॉल रीड स्मिथ यांनी पंचवीस इंची, 24 पडद्यांची गिटार काढली. पण चोविसावा पडदा तारेच्या पाऊण वाटेवर येतो, आणि पुष्कळ गिटारींत तारेचा कंप टिपणारे चुंबक नेमके तिथेच असते. पडद्यांना जागा द्यायची, तर चुंबक घोडीकडे ढकलावे लागते. तिकडचा आवाज जरा धारदार. तो घुमारा गेला, अशी जुन्या वादकांची कुरकुर असते. वरचे दोन सूर मिळवताना खालचा गोडवा द्यावा लागला तर, वाचकहो, सौदा ज्याने त्याने ठरवावा.

हे सारे वाचून झाल्यावर एका रात्री मी गुपचूप खाटेखालचे वाद्य ओढले आणि बायकोच्या शिवणाच्या टेपने मापले. पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत बारा इंच तीन सूत. तिथून घोडीपर्यंत पावणेतेरा. तीन सुतांचा फरक! दांडी पावणेपंचवीस इंची वाद्याची, घोडी मात्र जुन्याच जागी. बारावा सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ चौथाईने उतरत होता. पोराचा कान मुळीच खोटा नव्हता.

दुसऱ्या कारागिराने घोडी पुढे घेतली. आता गिटार सुरात वाजते. पण बहुधा मी शाळेत गेल्यावरच.