उन्हाच्या मुलखातले ऊन पाणी

खानदेश हा उन्हाचा मुलूख. वैशाखात जळगाव-धुळ्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास गेला, तरी इथल्या माणसाला त्याचे नवल वाटत नाही. पण ‘ऊन’ या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे. आपण ऊन भात म्हणतो, ऊन पाणी म्हणतो. आमच्या मुलखात हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. वरून ऊन पडते आणि जमिनीतून ऊन पाणी येते! चोपडे तालुक्यात अडावदच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेव हा उष्ण झरा आहे. याच नावाचा दुसरा झरा शहादे तालुक्यात दरा गावाजवळ आहे. तो तालुका पूर्वी धुळे जिल्ह्यात होता, 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडतो.

युरोपात अशा झऱ्याच्या गावी जोडप्याने मोटारीने जाण्याची मोठी हौस आहे. जर्मनीत काळ्या अरण्याच्या डोंगरमाथ्यावरून एक रमणीय रस्ता बाडेन-बाडेनला उतरतो. पाहुण्यांना तो रस्ता आणि ते स्नान या दोन्हींचे सारखेच कौतुक. आम्ही उभयतांनी ठरवले की आपली काळी माती आणि आपला सातपुडा काही कमी नाही. पौषातल्या एका रविवारी आम्ही धुळ्याहून निघालो. मागच्या बैठकीवर भरताचा डबा आणि कळण्याच्या भाकरी होत्या.

1906 साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पश्चिमेचे ठाणे धुळे आणि पूर्वेचे जळगाव. सरकारने रेघ आखली, पण भरताची चव दोन्हीकडे तीच राहिली. वाटेत अमळनेर लागले. बोरी नदीच्या काठी संत सखाराम महाराजांची समाधी आहे, आणि याच गावच्या शाळेत साने गुरुजींनी 1924 ते 1930 अशी सहा वर्षे मुलांना शिकवले. पुढे तापीचा पूल आला. तापी ही पुराणांत सूर्याची कन्या. नावातच ताप आहे. पूल ओलांडताना सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, बाप वर तापलेला, लेकीच्या नावात ताप, आणि आपण निघालो ऊन पाण्यात बसायला!”

तापीपलीकडे कपाशीच्या पऱ्हाट्या, मग केळीच्या बागा, आणि त्यांच्यावर निळसर सातपुडा. उनपदेवला गोमुखातून गरम पाण्याची धार कुंडात पडते. पौषात इथे यात्रा भरते. त्वचेच्या व्याधींनी गांजलेली माणसे श्रद्धेने नहायला येतात. सौ.नी गुडघे धारेखाली धरले. संध्याकाळपर्यंत त्यांना बरे वाटले, एवढेच मी सांगतो. त्यावरून औषधाचा डांगोरा पिटणे माझे काम नव्हे.

हे पाणी तापते कसे? नर्मदा आणि तापी भूकवचातल्या जुन्या भेगांच्या पट्ट्यातून पश्चिमेकडे वाहतात. पावसाचे पाणी अशा फटींतून खोल मुरते. पोटात दर किलोमीटरला उष्णता साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. तापलेले पाणी सापडेल त्या भेगेतून वर येते. बाडेन-बाडेनचे विज्ञानही हेच.

विज्ञान एकच असले तरी इतिहास निराळा. तिकडे रोमन लोकांनी स्नानगृहे बांधली आणि गावाला ‘पाणी’ या अर्थाचेच नाव दिले. पुढे राजेरजवाडे आले, जुगाराचे अड्डे आले. 1867 साली दोस्तोयेव्हस्की तिथे नवपरिणीत पत्नीसह उतरला आणि जुगारात पैसे घालवून बसला. 2021 साली युनेस्कोने युरोपातल्या 11 स्नाननगरांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत हे गाव आहे. कोण आले, कोठे उतरले, सारे लिहून ठेवलेले.

आमच्या झऱ्याभोवती नगर उभे राहिले नाही, एक कथा उभी राहिली. 1880 साली छापलेल्या खानदेशाच्या गॅझेटिअरात त्याची नोंद आहे, पण न्हाणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. कथा अशी की, इथे शरभंग ऋषी कुष्ठाने पीडित होते. रामचंद्रांनी बाण मारला आणि ऊन पाण्याचा झरा उसळला. वाल्मीकींच्या अरण्यकांडातला शरभंग मात्र अग्नीत प्रवेश करतो आणि तेजस्वी कुमार होऊन बाहेर येतो. खानदेशच्या माणसाने त्या अग्नीत पाणी मिसळले! देह नवा होण्याची आशा तीच, पण जळण्याऐवजी न्हाऊन. शिवाय या झऱ्याचा पहिला रोगी राजा नव्हे, ज्याला लोक दूर बसवतात तो महारोगी आहे. ज्या गावाने ही कथा सांगितली, त्याने पुढे कोणत्या तोंडाने एखाद्या व्याधिग्रस्ताला कुंडावरून हाकलावे? दगडी स्नानगृहाने जे साधले नसते, ते एका गोष्टीने साधले.

आता प्रश्न उरतो तो पाण्याचा. केळीच्या पट्ट्यात गेल्या काही दशकांत विहिरींचे पाणी खोल गेले आहे. सातपुड्याचे रान विरळ झाले, तर पावसाचे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. कथा झऱ्यावर येणाऱ्या माणसाला राखते, झऱ्याला राखू शकत नाही. ते काम रानाचे, पावसाचे आणि आपले. रामाचा बाण एकदाच सुटला. मुरणारे पाणी मात्र दर पावसाळ्याला नव्याने मिळवावे लागते.