डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान : माळ्यावरच्या जुन्या डब्यात नेमके आहे तरी काय?

जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोनाड्यात अजूनही एखादा गंजलेला डबा, पांढऱ्या पावडरीची पिशवी सापडते. "जुन्या औषधात दम होता" म्हणत कोणी ती ढेकणांवर टाकतो, कोणी धान्यात मिसळतो. असे करू नका. कारण समजून घ्या.

क्लोरीन तोच, काम वेगळे

मिठात क्लोरीन आहे. विहिरीत टाकतो त्या टीसीएल पावडरमध्येही आहे. पण डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान यांत क्लोरीन थेट कार्बनला चिकटलेला असतो. ही जोडी सहज तुटत नाही. ऊन, पाऊस, मातीतले जिवाणू यांना ती लवकर दाद देत नाही. म्हणून एकदा मारलेली पावडर बरेच दिवस काम करायची. तेच तिचे मोठेपण आणि तोच तिचा दोष.

ही औषधे पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. मातीतून चाऱ्यात, चाऱ्यातून जनावरात, तिथून दुधात आणि शेवटी आपल्या अंगात साठतात.

कोणते कधी बंद झाले?

डीडीटी : १९३९ मध्ये पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने त्याचा कीटकनाशक गुण शोधला, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. भारतात शेतीसाठी १९८९ पासून बंदी. डास आणि काळा आजाराची माशी यांसाठी सरकारी फवारणीलाच परवानगी राहिली.

बीएचसी : बेंझीन आणि क्लोरीनपासून बनते. त्यातला लिंडेन हा थोडाच भाग कीड मारतो, बाकीचा नुसता मातीत पडून राहतो. १९९७ पासून बंद.

एंडोसल्फान : कापूस, तुरीवर सर्रास वापरले जायचे. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने फवारले गेले. तिथल्या गावांत मुलांमधली व्यंगे आणि आजारांचा प्रश्न देशभर गाजला. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली.

पाऱ्याचे बेणे प्रक्रिया औषध : उसाची कांडी ज्यात बुडवायचो, त्यात पारा, कार्बन आणि क्लोरीन एकत्र असायचे. पारा कधीच नष्ट होत नाही. यावर २०१८ मध्ये बंदी आली.

आजही दुकानात मिळणारी

टू-फोर-डी या तणनाशकात आणि क्लोरपायरीफॉसमध्येही क्लोरीन आहे. ही जुन्या औषधांपेक्षा लवकर विघटन पावतात, पण निर्धोक नाहीत. टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता कापसावर किंवा द्राक्षावर वापरला, तर पाने आकसतात, वाकडी होतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. वारा असताना फवारू नका.

पीव्हीसी पाइपमध्येही वजनाच्या निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. पाइप म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. पण फुटके तुकडे बांधावर पेटवले की आम्लाचा तिखट धूर आणि डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये निघतात. तुकडे भंगारात द्या, जाळू नका.

जुना डबा सापडला तर

- उघडू नका, वास घेऊ नका. डबा गळत असेल तर हातमोजे घालून जाड प्लास्टिक पिशवीत ठेवा.
- लेकरे, जनावरे, धान्य आणि चारा यांपासून दूर, कुलपात ठेवा.
- ओढ्यात, विहिरीत ओतू नका. शेतात पुरू नका. जाळू नका.
- तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाला कळवून विल्हेवाटीची विचारणा करा.
- रिकाम्या डब्यात पाणी, तेल, रॉकेल भरू नका. डबा ठेचून निकामी करा.

विषबाधा झाली तर

आधी १०८ ला फोन करा. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा. आणि बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात सोबत न्याच. क्लोरपायरीफॉससारख्या फॉस्फरसवाल्या औषधावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा चालतो. एंडोसल्फानवर तसा उतारा नाही, तिथे झटके थांबवण्याचे उपचार करावे लागतात. कोणते औषध पोटात गेले हे डॉक्टरला लगेच कळले, तर जीव वाचू शकतो.

माळ्यावर एकदा नजर टाका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा, डबा कुठे ठेवलाय ते त्यांनाच ठाऊक असते.