वीज आणि स्थिर?

डोईफोडिया हे गावाचं नाव कानावर पडलं की मराठी माणूस 'डोई' आणि 'फोडणे' सुटे करतो आणि कुळ सापडल्याच्या समाधानात पुढे जातो. पण नावाची फोड करता आली म्हणजे त्याचा इतिहास कळला, असं नसतं. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या या सीमेकडच्या मुलखात कुणी 'वीज' म्हणतं, कुणी 'बिजली'. दोन्ही शब्द प्राकृत 'विज्जु'च्या पोटचे, त्याच्या मागे संस्कृत 'विद्युत्', आणि तळाशी 'द्युत्', म्हणजे चकाकणे, हा धातू. हीही फोड अशीच सोपी आणि अशीच फसवी. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो तेव्हा काहीही चकाकत नाही, तरी त्या करामतीला आपण 'स्थिर विद्युत' म्हणतो. जी डोळ्याचं पातं लवेपर्यंतही टिकत नाही, तिला स्थिर म्हणायचं!

इतरांनी या शक्तीचं नाव आभाळातून घेतलं नाही, काडीकचऱ्यातून घेतलं. घासलेला अंबर हलक्या वस्तू ओढतो. अंबराला ग्रीकांचा शब्द 'इलेक्ट्रॉन', त्यावरून विल्यम गिल्बर्टने 1600 साली आपल्या लॅटिन ग्रंथात 'इलेक्ट्रिकस' हे विशेषण घडवलं. त्याच सुमारास बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाला अकबराच्या फौजेचा वेढा पडला होता. 1601 च्या जानेवारीत गड पडला. या योगायोगाला अर्थ नाही, पण त्या फौजेच्या दरबारी भाषेत, म्हणजे फारसीत, अंबराला नाव होतं 'काहरुबा': काह म्हणजे वाळकी काडी, रुबा म्हणजे हिसकावणारा. याच शब्दाचं अरबी रूप, 'कहरबा', आज सबंध विजेचं नाव झालं आहे. मराठीने फारसीतून तारीख, जमीन, दस्तऐवज असं कितीतरी उचललं. विजेसाठी मात्र तिकडे पाहिलं नाही.

यावर कुणी म्हणेल, आपल्या पूर्वजांना अंबराची ओढ आणि आभाळातली वीज या दोन्हींचं नातं ठाऊक होतं, म्हणून तर एकच शब्द. पुरावा याच्या उलट आहे. अंबराला संस्कृतात स्वतंत्र नावं होती, तृणमणी आणि तृणकांत. वैशेषिकसूत्रांच्या पाचव्या अध्यायात मण्याची गती आणि सुईचं ओढलं जाणं ही 'अदृष्टा'ची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कारणाची, कामं ठरवली आहेत. टीकाकार शंकर मिश्र तिथेच गवत ओढणाऱ्या तृणकांताचा दाखला देतो. मेघगर्जनेचा विचार त्याच अध्यायात, पण पुढच्या आह्निकात, पाण्याच्या संयोग-विभागाखाली येतो. दोन घटना, दोन खाती. ही खाती एक झाली ती 1752 साली, फ्रँकलिनने सुचवलेला प्रयोग फ्रान्समधल्या मार्ली इथे मे महिन्यात झाला तेव्हा: वादळी ढगाखाली उभ्या केलेल्या लोखंडी कांबीतून ठिणग्या निघाल्या. आधुनिक विज्ञान मराठीत उतरलं ते या निकालानंतर. म्हणून आकाशातल्या विजेचं नाव कंगव्याला देणं आपल्याला बिनदिक्कत जमलं. आपला शब्द जुना, त्याचा हा अर्थ नवा. तो बरोबर आहे, पण त्याने तृणमणी पुसून टाकला, आणि विद्यार्थ्याला कंगव्यात लखलखाट शोधायला लावलं.

मग 'स्थिर' चूकच का? तेही नाही. ढगात बर्फाचे कण आणि हलक्या गारा आदळून प्रभार वेगळे होतात. तळाशी बहुधा ऋण साठतो, आणि त्याच्या प्रभावाने खालच्या जमिनीवर धन गोळा होतो. लखलखाट होईपर्यंत वीज असते ती ही साठवणच. कोरड्या हवेत मीटरला सुमारे 30 लाख व्होल्ट एवढा ताण झाला की ती फुटते. ढगात याहून कमी ताणातही. हिवाळ्यात अंधारात नायलॉनचा सदरा काढताना चरचरतं, तीही वीजच, वीतभर नसलेली.

या ताणाला मराठीने दिलेलं नाव मला सगळ्यांत नेमकं वाटतं: विद्युत क्षेत्र. हा इंग्रजीवरून बेतलेला शब्द, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खरा आहे. फॅरडेने 1845 मध्ये चुंबकाच्या संदर्भात वापरलेल्या 'फील्ड' या शब्दाचाही अर्थ शेतच. पण आपल्याकडे 'क्षेत्र' म्हणजे पंढरपूरही, जिथे देवळाबाहेरच्या मातीलाही माहात्म्य असतं. प्रभाराच्या भोवतीची रिकामी जागाही काही करू शकते, हे फॅरडेला समकालीनांच्या गळी उतरवणं जड गेलं. आणि 'शेत' हा शब्द तर 'क्षेत्रा'चाच वंशज. मृगाच्या ढगाखाली कपाशीच्या शेतात एकटं झाड उभं असतं, तेव्हा दोन्ही क्षेत्रं एकाच जागी असतात, आणि ताण सगळ्यांत जास्त त्या झाडाच्या शेंड्याशी असतो.